आईलाही दाखल करून घ्या

दर तीन-चार तासांनी नर्स येते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मोकळं करते. हातपाय किती थरथरतात, किती वेळा शिंकलं, किती जांभया दिल्या, घाम आला का, शी पातळ आहे का, रडण्याचा सूर किती चिरका आहे, हे पाहून तक्त्यावर गुण मांडते. कसाबसा डोळा लागलेलं बाळ या तपासणीत जागं होतं आणि किंचाळतं. त्या किंचाळण्याचेही गुण धरले जातात. बेरीज लागोपाठ आठ किंवा त्याच्या वर गेली, की मॉर्फिनचे थेंब सुरू होतात.

आईच्या पोटात असतानाच अफूवर्गातल्या औषधांची सवय लागलेल्या बाळांसाठी अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत कितीतरी वर्षं हाच शिरस्ता होता. आई हेरॉइन, फेंटॅनिल किंवा ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेत असेल, तर नाळेतून ते बाळापर्यंत पोचत राहतं. नाळ कापली की पुरवठा एकदम बंद होतो आणि एक-दोन दिवसांत बाळ तळमळू लागतं. दूध ओढत नाही, झोपत नाही, काही केल्या शांत होत नाही. हा तक्ता डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७५च्या सुमाराला फिलाडेल्फियात तयार केला. तोवर कुणाला औषध द्यायचं, किती द्यायचं आणि कधी थांबवायचं याला धड मोजमापच नव्हतं, त्यामुळे त्या काळात ती मोठी सोय होती. पण या तक्त्यात बाळाच्या शरीराची वीसेक लक्षणं होती आणि आईसाठी एकही रकाना नव्हता.

मग आई कुठे असायची? बाळंतपणानंतर दोन दिवसांत तिला घरी सोडलं जायचं. बाळ तीन-तीन आठवडे नवजात अतिदक्षता विभागात, प्रखर दिव्यांखाली, यंत्रांच्या पिकपिकाटात. भेटायला यायचं तर बसभाडं, घरी मोठी मुलं, व्यसनावरच्या मेथाडोन या औषधासाठी रोज सकाळी दवाखान्यात लावायची रांग, आणि वॉर्डात शिरल्यावर अंगावर येणाऱ्या नजरा. आई येईनाशी झाली की नोंद व्हायची: मातेला बाळाबद्दल आस्था दिसत नाही.

अमेरिकेत ही घडी विस्कटली ती येल विद्यापीठाच्या न्यू हेवन इथल्या बालरुग्णालयात. डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथाडोन घेणाऱ्या आयांची बाळं अतिदक्षता विभागात पाठवणंच थांबवलं. साध्या खोलीत आई आणि बाळ एकत्र. दिवे मंद, आवाज कमी, बाळ आईच्या उघड्या छातीशी, दूध शक्यतो अंगावरचं. वीसेक लक्षणांऐवजी प्रश्न तीनच उरले. बाळ नीट पितं का? न उठवता तासभर झोपतं का? रडू लागलं तर दहा मिनिटांत शांत होतं का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर थरथर आणि शिंका दिसल्या तरी औषध नाही. एखादं उत्तर ‘नाही’ आलं तर आधी बाळाला आणखी जवळ घ्यायचं, खोली आणखी शांत करायची, आणि त्यानंही भागलं नाही तरच मॉर्फिनचा विचार.

२०१७मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पूर्वी सरासरी २२.४ दिवस इस्पितळात राहणारी बाळं ५.९ दिवसांत घरी जाऊ लागली होती. मॉर्फिन लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं. दर बाळामागचा खर्च सुमारे ४५ हजार डॉलरवरून दहा हजारांच्या आसपास उतरला. एकाच इस्पितळाचे आकडे म्हणून कुणी शंका घेतली तर ती रास्तच होती. म्हणून २६ इस्पितळांत, १,३०५ बाळांवर मोठी चाचणी झाली. २०२३मध्ये तिचे निष्कर्ष आले: जुन्या पद्धतीत बाळ घरी सोडण्याजोगं व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत, नव्या पद्धतीत ८.२. औषध द्यावं लागलेल्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर. पहिल्या तीन महिन्यांत बाळांच्या सुरक्षिततेत दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही.

तान्ह्या बाळाला अंधाऱ्या, उबदार खोलीत आईजवळ ठेवावं, हे ऐकून कुठल्याही सुईणीला नवल वाटणार नाही. नवल वाटावं ते याचं, की एवढी उघड गोष्ट मान्य व्हायला चार दशकं लागली. त्याचं कारण वैद्यकशास्त्रात फारसं सापडत नाही. ही आई म्हणजे बाळाला झालेली इजा, तेव्हा बाळ तिच्यापासून जितकं लांब तितकं बरं, अशी समजूत वॉर्डात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत एकदमच मुरलेली होती.

वर्तमानपत्रांचा वाटा तर लाजिरवाणा आहे. १९८५मध्ये डॉ. आयरा चॅसनॉफ यांनी कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गरोदर स्त्रियांचा एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून बघता बघता ‘क्रॅक बेबी’च्या, म्हणजे कोकेन घेणाऱ्या आयांच्या बाळांच्या, भीतीची लाट उसळली. ही मुलं मेंदूनं कायमची अधू निपजणार, शाळा आणि तुरुंग त्यांनी भरून जाणार, असं छापून येऊ लागलं. १९८९मध्ये चार्ल्स क्राउटहॅमर यांच्यासारख्या नामवंत स्तंभलेखकानं तर जन्मतःच खालच्या दर्जाच्या एका अख्ख्या वर्गाचं भाकीत केलं. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ म्हणून शिकलेले होते, हे विशेष.

त्याच वर्षी फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी २२४ नवजात बाळांची पाहणी सुरू केली. निम्म्या बाळांच्या आयांनी गरोदरपणात कोकेन घेतलं होतं, निम्म्यांच्या नाही. घरं सगळ्यांचीच गरीब. हर्ट यांना मोठा फरक सापडेल अशी अपेक्षा होती. चौथ्या वर्षी बुद्ध्यंक मोजले तेव्हा कोकेनच्या गटाची सरासरी ७९ आली आणि दुसऱ्या गटाची ८१.९. दोन्ही गट जवळजवळ सारखे, आणि दोन्ही देशाच्या सरासरीहून खूप खाली. मग संशोधकांनी मुलांच्या आसपास पाहायला सुरुवात केली. सात वर्षांच्या त्या मुलांपैकी ८१ टक्क्यांनी कुणाला तरी अटक होताना पाहिलं होतं, ७४ टक्क्यांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते, १९ टक्क्यांनी रस्त्यावर प्रेत पाहिलं होतं. वीसेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हर्ट यांचा निष्कर्ष असा, की या मुलांच्या वाटेत कोकेनपेक्षा गरिबी कितीतरी जास्त आडवी आली. हा निष्कर्ष २०१३मध्ये छापून आला तोवर भाकितं करणारे दुसऱ्या विषयांकडे वळले होते.

दरम्यान त्या भाकितांच्या जिवावर कायदा चालवला गेला होता. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या इस्पितळानं १९८९पासून गरोदर स्त्रियांची लघवी त्यांच्या नकळत तपासून निकाल पोलिसांकडे द्यायला सुरुवात केली. ३० स्त्रियांना अटक झाली; त्यांतल्या २९ कृष्णवर्णीय होत्या. काहींना तर बाळंतपण उरकताच बेड्या पडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ही झडती घटनाबाह्य ठरली. तरी गरोदरपणातलं व्यसन हा गर्भावरचा ‘हल्ला’ ठरवणारा कायदा टेनेसी राज्यानं २०१४मध्ये केलाच. मुदत संपल्यावर दोन वर्षांनी तो आपोआप रद्द झाला, पण तेवढ्या काळात गरोदर स्त्रिया डॉक्टरांना टाळू लागल्या, काही बाळंतपणासाठी शेजारच्या राज्यांत गेल्या. आठ राज्यांतल्या पंचेचाळीस लाखांहून अधिक जन्मांचा एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. अशी दंडाची धोरणं असलेल्या राज्यांत तळमळणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही; उलट ते जास्त होतं.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: पोटात बाळ आहे, तर बाईनं व्यसन सोडावं की! व्यसन नुसत्या इच्छेनं सुटत नाही हे आहेच, पण गरोदरपणात अफूवर्गातलं औषध एकदम तोडणं आई आणि गर्भ दोघांनाही धोक्याचं असतं, आणि ते पुन्हा सुरू होण्याचा संभव फार. म्हणून डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. या औषधांनी आईचं आयुष्य रुळावर येतं. बाळाला मात्र जन्मानंतर थोडाफार त्रास होऊ शकतो. म्हणजे डॉक्टरांचं ऐकून नियमानं उपचार घेणाऱ्या बाईचं बाळही तळमळू शकतं. न्यू जर्सीत अशाच एका आईवर बाळाचा छळ केल्याचा ठपका ठेवण्यात आला होता. रीतसर उपचारांमुळे बाळाला झालेला त्रास एवढ्याच आधारावर छळ सिद्ध होत नाही, हे सांगायला २०१४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं.

आणि दोषच शोधायचा तर तो वॉर्डाबाहेर शोधायला हवा. वेस्ट व्हर्जिनिया या अठरा लाख वस्तीच्या राज्यात औषध वितरकांनी सहा वर्षांत ७८ कोटी वेदनाशामक गोळ्या ओतल्या, हे पत्रकार एरिक आयर यांनी २०१६मध्ये उघड केलं. माणशी ४३३ गोळ्या, तान्ही मुलंसुद्धा मोजून. खाणीत पाठ मोडलेल्या बापापासून घरातल्या लेकीपर्यंत त्या पोचल्या नसत्या तरच आश्चर्य. त्याच राज्यातल्या हंटिंग्टन गावात अतिदक्षता विभागात जागा पुरेना, तेव्हा २०१४मध्ये नर्सच्या पुढाकारानं अशा बाळांसाठी ‘लिलीज प्लेस’ हे वेगळं केंद्र उघडलं. वितरकांच्या अधिकाऱ्यांना बाळंतपणाच्या खाटेवर कुणी बेड्या घातल्या नाहीत.

आईजवळ ठेवण्यात धोका नाहीच, असं मात्र कुणी म्हणू नये. काही घरं खरोखर बाळासाठी सुरक्षित नसतात. काही आया इस्पितळातून निघून जातात, काही नशेत असतात. तिथे बाळाला दुसरं घर शोधावंच लागतं, आणि तोवर त्याला छातीशी धरून बसायला नर्स, आजी किंवा स्वयंसेवक लागतात. या पद्धतीला औषधं कमी आणि हात जास्त लागतात. मनुष्यबळ न वाढवता तिची घोषणा करणाऱ्या इस्पितळात बाळ नुसतंच रडत राहील. पण अपवाद लक्षात घेऊन नियम ठरवण्याची जुनी खोड सोडायला हवी. कॅनडात व्हँकुव्हरच्या बीसी विमेन्स हॉस्पिटलमध्ये २००३पासून ‘फर स्क्वेअर’ नावाचा विभाग आहे. व्यसन असलेल्या गरोदर स्त्रिया बाळंतपणाआधीच तिथे दाखल होऊ शकतात आणि नंतर बाळासह तिथेच राहतात. आईचा पलंग हा बाळाच्या उपचाराचा खर्च मानला, की असं करता येतं.

व्यसन एकाचं आणि उपचार घरादाराचे, ही गोष्ट मराठी वाचकाला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे परकी नाही. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. पण व्यसन बाईचंच असलं की आपल्याकडेही सूर बदलतो. मशेरीचंच पाहा. २००४मध्ये डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सतरा टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, म्हणजे बहुतेक मशेरीच, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. मशेरी आणि हेरॉइन एका मापानं मोजता येणार नाहीत. पण तपासणीच्या टेबलावर चारचौघांत ओरडा खाल्लेली बाई दोन्हीकडे एकच शिकते: पुढच्या वेळी विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं. डबी मग ट्रंकेच्या तळाशी जाते, आणि आशाताईंना ती सापडायची राहते.

अमेरिकेतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं संशोधन मात्र बाळांबद्दल नाही, आयांबद्दल आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ ते २०१४ या काळात बाळंत झालेल्या, अफूवर्गाचं व्यसन असलेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. औषधाच्या अतिमात्रेचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी होतं. सर्वांत जास्त होतं ते बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात. गरोदर असताना दवाखाना, समाजसेविका, विमा, सगळे तिच्याभोवती असतात. बाळ हातात पडल्यावर एकेक जण निघून जातो. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ विम्याचं बाळंतपणाचं संरक्षण तर साठ दिवसांत संपायचं. आता २०२१च्या कायद्यानं ते वर्षभर वाढवण्याची मुभा राज्यांना दिली आणि बहुतेकांनी ती घेतली, हे चांगलं झालं.

पण विमा असून उपयोग काय, आई डॉक्टरसमोर बसतच नसेल तर? तिथेही एक वाट आहे. आई स्वतःसाठी जाणार नाही, पण लसी टोचायला दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात बाळाला घेऊन ती बालरोगतज्ज्ञाकडे येते. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी लागणारी वेगळी परवानगी अमेरिकेनं २०२२च्या डिसेंबरअखेरच्या कायद्यानं काढून टाकली. नियंत्रित औषधं लिहिण्याची नोंदणी असलेला कोणताही डॉक्टर आता ते देऊ शकतो, बाळाचा डॉक्टरसुद्धा. सहाव्या महिन्याची लस टोचून झाल्यावर त्याच खोलीत आईला विचारावं, औषध सुरू आहे का, कुणी देतंय का. नसेल तर तिथल्या तिथे लिहून द्यावं, आणि त्या वेळेचे पैसे बाळाच्या विम्यातून डॉक्टरला मिळावेत, एवढी तजवीज राज्यांना करता येण्यासारखी आहे.