इसार दिला, घर केव्हा?

चिखलीत गेल्या अक्षय्य तृतीयेला एक वास्तुशांत व्हावयाची होती. पत्रिका छापून झाल्या होत्या, पुरोहितांची वेळ ठरली होती, पुण्याहून मुलगी-जावई येणार होते. वास्तुशांत झाली नाही, कारण वास्तूच ताब्यात आली नव्हती. घर घेणारे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून सहा लाख रुपये त्यांनी आदल्या दिवाळीत इसार म्हणून मोजले होते. "दोन महिन्यांत खरेदी करून देतो," असा विकणाऱ्याचा शब्द होता.

विकणारा परका नव्हे. त्याचे वडील आणि हे सर एकाच शाखेत वाढलेले. त्यामुळे इसारपावती साध्या मुद्रांकावर झाली. तीत रक्कम आली, चतुःसीमा आल्या, दोन साक्षीदार आले. खरेदीची तारीख तेवढी आली नाही. "आपल्याआपल्यांत तारीख कसली लिहायची?" हे वाक्य विकणाऱ्याचे नव्हते, स्वतः सरांचेच होते.

पुढचा क्रम वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. संक्रांत झाली की करू, मार्चअखेर उरकू, फेरफार व्हायचा आहे, तलाठी रजेवर आहेत. अकरा महिने सर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले आणि बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची मुदतही टळून गेली. खरे कारण कळले ते शेवटी. घर दिवंगत वडिलांच्या नावावर होते. वारसांत दोन बहिणी होत्या, आणि त्यांपैकी सुरतेला दिलेल्या बहिणीला घर विकल्याचे कोणी सांगितलेच नव्हते. "ताई काय, सही करेलच," एवढ्या गृहीतावर भावाने इसार घेतला होता. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला १९५६ च्या कायद्याने वारसा मिळाला, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. रक्षाबंधनाला बहिणीची आठवण ठेवणारी आपली कुटुंबे खरेदीखताच्या वेळी तिला विसरतात, आणि त्या विसरण्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

अशा माणसाने जावे कोठे? मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतून 'रेरा'चा गवगवा पुष्कळ होतो. २०१६ चा तो कायदा चांगलाच आहे. महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले. ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह परतावा, आणि ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात, ही बंधने विकसकावर आली. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. मेहकर, नांदुरा, देऊळगाव राजा अशा गावांत उभ्या राहणाऱ्या किती इमारती या मर्यादेच्या आत बसतात, हे डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्याला सांगावे लागत नाही. ग्राहक आयोगाचे दारही विकसक असेल तरच उघडते. एखाद्याने आपला भूखंड नुसता विकला, तर ती 'सेवा' नव्हे, अशी सर्वोच्च न्यायालयाची २०१३ पासूनची भूमिका आहे. म्हणजे जुने घर किंवा मालकाकडून प्लॉट घेणाऱ्याला उरते ते दिवाणी न्यायालय. आणि तेथे माणूस नाही, कागद बोलतो.

म्हणूनच त्या न लिहिलेल्या तारखेचे दुःख मोठे आहे. स्थावराच्या व्यवहारात मुदत हे कराराचे मर्म आहे असे न्यायालय आपण होऊन धरत नाही. १९९३ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे स्पष्ट केले. करारात तसे शब्द हवेत, किंवा त्यातून तसा अर्थ निघावयास हवा. करारपूर्तीचा दावा लावण्यास मुदत तीन वर्षांची, आणि ती ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. तारीखच नसेल, तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. जो कधी नाही म्हणतच नाही, नुसते 'आज-उद्या' म्हणतो, त्याच्याविरुद्ध नकार सिद्ध करता करता घेणाऱ्याचे केस पिकतात. फ्लॅटपुरते बोलायचे, तर महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्यानेच ताब्याची तारीख लेखी देण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले होते. साठ वर्षे उलटली, तरी आपण ती मागायला लाजतो.

ही लाज आली कोठून? लेखी मागणे म्हणजे अविश्वास, आणि ती पाश्चात्त्य रीत, असे आपल्यातले काही जण मानतात. ते साफ चुकीचे आहे. आपल्या धर्मशास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत नारदस्मृतीने एक पद स्वतंत्र ठेवले: विक्रीयासंप्रदान. विकले, पण दिले नाही. मूल्य घेऊन वस्तू न देणाऱ्याने मधल्या काळातील लाभासह ती दिली पाहिजे, असे याज्ञवल्क्य सांगतो. नारद तर स्थावराचा वेगळा उल्लेख करून त्याची भरपाई सांगतो. इसाराला जुना शब्द आहे 'सत्यंकार', म्हणजे बोललेले खरे करण्यासाठी दिलेले द्रव्य. देणाऱ्याने शब्द मोडला तर ते बुडते, घेणाऱ्याने मोडला तर याज्ञवल्क्याच्या मते दुप्पट परत करावे लागते. लेखात वर्ष, मास, पक्ष आणि दिवस असावा, हेही त्याच स्मृतीत आहे. आपल्या पूर्वजांचा परस्परांवर विश्वास नव्हता असे कोणी म्हणेल काय? विश्वास टिकावा म्हणूनच ते लिहीत होते.

विकणाऱ्याचीही बाजू असते. नझूलची जागा असेल तर परवानगीसाठी हेलपाटे, मोजणीची प्रतीक्षा, वारसनोंदीला लागणारा वेळ, हे सारे खरे आहे. पण हे अडथळे इसार घेण्याआधीही तेथेच होते. घर विकणाऱ्याने ते आधी दूर करावेत, किंवा निदान आधी सांगावेत. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा, मेहकर, लोणार तालुक्यांतून गेला आणि परिसरातील जमिनीचे बोल चढले, तेव्हापासून 'कागद अडलाय' या सबबीआड कधी कधी दुसरे गिऱ्हाईकही असते, हे लपवण्यात अर्थ नाही.

'घर पाहावे बांधून' ही म्हण बांधणाऱ्याची आहे, विकत घेणाऱ्याची नव्हे. त्याला म्हणीचाही आधार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा प्रारंभ केला, तो ग्राहकाने जागे आणि संघटित व्हावे म्हणून. तालुक्याच्या गावी हे काम फार साधे आहे. इसारपावती लिहिली जाते त्या ओट्यावर कोणी जाणत्याने बसावे. सर्व वारसांच्या सह्या झाल्या का, तारीख घातली का, ती चुकली तर घरभाडे कोण भरणार, इसार दुप्पट परत करण्याचे लिहिले का, हे विचारावे. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावे. आणि दिवस उलटताच, नाते कितीही जवळचे असो, आपण पैसे घेऊन तयार आहोत अशी लेखी नोटीस पाठवावी. आपली तयारी सिद्ध करणे ही न्यायालयात घेणाऱ्याचीच जबाबदारी असते.

चिखलीच्या सरांनी नोटीस पाठवली नाही. ते सपत्नीक मलकापूरला गाडीत बसून सुरतेला गेले. त्या ताईंनी चहा दिला, वडिलांच्या आठवणी काढल्या, आणि आपला हिस्सा भावाच्या हातून नको, थेट धनाकर्षाने हवा, एवढेच सांगितले. उरलेल्या रकमेचे तीन धनाकर्ष निघाले, खरेदीखतावर तिघांच्या सह्या झाल्या. अकरा महिन्यांचे भाडे सरांनी मागितले. शाखेतल्या दोघा ज्येष्ठांनी मध्ये पडून ते सहा महिन्यांवर आणले आणि विकणाऱ्याने ते किमतीतून वळते करून दिले. वास्तुशांतीच्या नव्या पत्रिका अजून छापायच्या आहेत. किल्ली हातात आल्याखेरीज छापखान्यात जायचे नाही, अशी सरांच्या पत्नीची सक्त ताकीद आहे.