प्रमाणपत्रांवरचा जुना पत्ता चालू ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
ऑनलाइन अध्ययन विभाग

विषय : अध्ययन संकेतस्थळ नव्या डोमेनवर नेल्यानंतर बंद पडलेली प्रमाणपत्र पडताळणी तातडीने सुरू करणे व इतर मागण्यांबाबत.

संदर्भ : १) अभ्यासकेंद्र समन्वयकांचे स्थलांतरानंतरचे पहिले पत्र
२) त्यानंतरची स्मरणपत्रे
३) आपल्या दालनातील बैठक व तीत मिळालेले तोंडी आश्वासन

महोदय,

संदर्भातील एकाही पत्राला आजवर लेखी उत्तर आलेले नाही. त्यामुळे अभ्यासकेंद्रांचे समन्वयक, आजी-माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या वतीने हे निवेदन पुन्हा सादर करावे लागत आहे. संकेतस्थळ नव्या डोमेनवर नेण्याला यांपैकी कोणाचाही विरोध नाही. नवे संकेतस्थळ मोबाइलवर लवकर उघडते, मराठी मजकूर नीट दिसतो, हे समन्वयकांनी पहिल्याच पत्रात नमूद केले होते. तक्रार जुन्या पत्त्याबद्दल आहे. पूर्वसूचना न देता तो बंद झाला आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थी भरत आहेत.

सर्वांत मोठा फटका प्रमाणपत्रांना बसला. विभागाने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या तळाशी क्यूआर कोड आहे आणि त्या कोडमध्ये जुन्या डोमेनचा पत्ता आहे. पूर्वी तो स्कॅन केला की विद्यार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम आणि श्रेणी दिसत असे. आता 'पान सापडत नाही' एवढेच दिसते. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या कर्मचाऱ्याला विभागाच्या स्थलांतराची काहीच माहिती नसते. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या मात्र त्याने वाचलेल्या असतात. तो अर्जावर शेरा मारतो आणि पुढच्या उमेदवाराला हाक देतो. प्रमाणपत्र खरे, त्यावरची सही खरी, अभ्यास करून मिळवलेली श्रेणी खरी. तरीही संशय विद्यार्थ्यावरच. पहाटेच्या एसटीने तालुक्याहून आलेल्या मुलीला 'विभागाचे पत्र आणा' असे सांगून परत पाठवले जाते. ती विभागात आली की तिला 'सिस्टीमचे काम चालू आहे' हे उत्तर मिळते. तोवर नोकरीच्या यादीची मुदत संपून जाते.

मध्यंतरी काही दिवस विभागाने जुन्या डोमेनचे सगळे पत्ते सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवले होते. त्या काळात कोड स्कॅन केला की विद्यार्थ्याच्या नावाऐवजी नव्या प्रवेशाची जाहिरात उघडत होती. ही बाब निदर्शनास आणल्यावर दुरुस्ती होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ती सोयही काढून टाकण्यात आली.

छापलेला क्यूआर कोड बदलता येत नाही. नवी प्रमाणपत्रे छापली, तरी जुन्या प्रती अर्जांना जोडलेल्या, कंपन्यांच्या फायलींत लावलेल्या आणि ईमेलने पाठवलेल्या आहेत. त्या परत गोळा करता येणार नाहीत. इलाज फक्त सर्व्हरवरच होऊ शकतो. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या डोमेनवरच्या नेमक्या त्याच पानाकडे कायमस्वरूपी वळण द्यायचे, ज्याला तांत्रिक भाषेत ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. प्रमाणपत्राचा क्रमांक पत्त्यातच असल्यामुळे हजारो पत्ते एकेक करून लिहावे लागणार नाहीत. ही पद्धत समन्वयकांनी पहिल्या पत्रात सविस्तर लिहून दिली होती. बैठकीत 'पंधरा दिवसांत होईल' असे सांगण्यात आले. पुढे 'सत्र परीक्षा संपल्यावर' आणि त्यानंतर 'नवा ठेकेदार नेमल्यावर' असे सांगण्यात आले. परीक्षा झाल्या, निकालही लागले. ठेकेदारही नेमला गेला.

यापेक्षा गंभीर धोका पुढे उभा आहे. डोमेन विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते. नूतनीकरण चुकले, तर सवलतीचा काळ संपल्यावर तोच पत्ता जगातला कोणीही नोंदवू शकतो. ज्यांच्याकडे जुन्या लिंकमुळे लोकांची वर्दळ असते, असे सोडून दिलेले पत्ते हेरून घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांवर जुगाराच्या जाहिराती झळकताना दिसतात. विभागाच्या बाबतीत प्रकरण जाहिरातींवर थांबणार नाही. पत्ता ज्याच्या हाती जाईल, त्याला हुबेहूब पडताळणीचे पान उभारून बोगस प्रमाणपत्रही 'वैध' दाखवता येईल. शिवाय शेकडो विद्यार्थ्यांच्या ब्राउझरमध्ये जुन्या पत्त्यासाठी पासवर्ड साठवलेले आहेत. तिथे खोटे लॉगिन पान लावले की ते आपोआप भरले जातील. हा धोका समन्वयकांनी बैठकीत बोलून दाखवला होता. जुन्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती कधीपर्यंत आहे, या दोन साध्या प्रश्नांचे उत्तर तेव्हा मिळाले नाही, आजही मिळालेले नाही.

हे काम अशक्य नाही, याचे दाखले समोर आहेत. विकिपीडिया २००१ मध्ये डॉट कॉम पत्त्यावर सुरू झाला आणि २००२ मध्ये डॉट ऑर्गवर गेला. आज कोणी जुना पत्ता टाकला, तरी तो बरोबर ठिकाणी पोचतो. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जाण्यास सांगितले, तेव्हा ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत काही महिने आधीच जाहीर केली होती. संकेतस्थळाचा पत्ता बदलताना जुने रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत, असे गूगल स्वतः सांगते. प्रमाणपत्र तर माणसाला आयुष्यभर लागते.

छापील कोड कसा जपायचा, हेही महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचाचे कोड बालभारतीच्या पुस्तकांवर मुले पाहतात. त्या व्यवस्थेत पुस्तकावर एक छोटा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो आणि त्यामागचा पाठ किंवा व्हिडिओ बदलला, तरी पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही. उलट बाजूही नोंदलेली आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. विभागाची प्रमाणपत्रे त्या यादीत जाऊ देऊ नयेत.

नियमांची उजळणी आपल्या कार्यालयापुढे करण्याची गरज नाही. म्हणून थेट मागण्या मांडल्या आहेत :

१) जुन्या डोमेनवरील पडताळणीचा प्रत्येक पत्ता नव्या डोमेनवरील त्याच प्रमाणपत्राच्या पानाकडे कायमस्वरूपी वळवावा. मुखपृष्ठाकडे वळवलेला पत्ता दुरुस्ती म्हणून धरू नये. काम झाल्यावर दरवर्षीची काही प्रमाणपत्रे समन्वयकांसमक्ष स्कॅन करून दाखवावीत.

२) जुन्या डोमेनची नोंदणी ठेकेदाराच्या नव्हे, विभागाच्या नावावर असावी. ती एका वेळी जास्तीत जास्त वर्षांसाठी वाढवावी, नूतनीकरणाची जबाबदारी एका निश्चित पदावर सोपवावी आणि नोंदणीची अंतिम तारीख जाहीर करावी.

३) दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला अर्जाच्याच दिवशी पडताळणीचे सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. त्यासाठी विभागात हेलपाटे घालायला लावू नयेत. अभ्यासकेंद्रांना तसे अधिकार द्यावेत. या गोंधळामुळे ज्यांचे अर्ज अडले, त्यांच्यासाठी संबंधित कार्यालयांना विभागाने स्वतःहून खुलासा पाठवावा.

४) अभ्यासपुस्तिकांतील क्यूआर कोड पुन्हा सुरू करावेत.

५) स्थलांतरात पुसली गेलेली विद्यार्थ्यांची प्रगती आणि जमा केलेले स्वाध्याय परत दिसावेत.

६) नव्या डोमेनला परवानगी देण्याबाबत शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांना परिपत्रक पाठवावे.

७) यापुढे पत्ता बदलताना किमान एक सत्र आधी सूचना द्यावी.

पहिल्या तीन मागण्यांना आणखी थांबायला वाव नाही. उर्वरित चार मागण्यांसाठी विभागाने आपले वेळापत्रक द्यावे. समन्वयक त्याप्रमाणे सहकार्य करतील. तोंडी आश्वासनांचा अनुभव पुरेसा झाला आहे. त्यामुळे या निवेदनाचे उत्तर लेखी, तारखेसह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासह मिळावे, ही विनंती. निवेदन मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, म्हणजे आपणच दिलेल्या मुदतीत, असे उत्तर न आल्यास विद्यार्थी व पालक बंद पडलेली प्रमाणपत्रे हातात घेऊन विभागाच्या प्रवेशद्वारापाशी लोकशाही मार्गाने धरणे धरतील.

आपले विश्वासू,
अभ्यासकेंद्र समन्वयक, विद्यार्थी व पालक

सोबत : पूर्वीच्या पत्रांच्या पोचपावत्या, न उघडणाऱ्या पडताळणी पानांच्या छायाप्रती, सह्यांची यादी.