पिवळ्या पुस्तकातला नवरा

परदेशात, परदेशी जोडीदारासह केलेल्या संसाराविषयी मराठीत जेव्हा लिहिले जाते तेव्हा एक शब्दप्रयोग हटकून भेटतो : ‘दोन संस्कृतींचा संगम’. लेखक थोडा निराश असेल तर संगमाच्या जागी ‘संघर्ष’ येतो, एवढाच फरक. गेली बारा वर्षे मी थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन शहरालगत, थाई पत्नीसह राहतो आहे. या काळात संस्कृतींचा संगम किंवा संघर्ष मला एकदाही भेटला नाही. भेटले ते अर्ज, छायाप्रती, माशाच्या सॉसची बाटली, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, आणि दर नव्वद दिवसांनी परत येणारी एक तारीख. माझी तक्रार अशी, की आपले साहित्य या साऱ्या गोष्टी ‘व्यवहार’ म्हणून बाजूला सारते आणि मग जे उरते त्यालाच अनुभव म्हणते. वस्तुत: अशा संसारात व्यवहार बाजूला काढला तर उरण्यासारखे फारसे काही नसते.

थायलंडविषयीच्या लेखनात हा प्रकार विशेष जाणवतो. परदेशी पुरुष आणि थाई स्त्री यांच्या कथेचा इंग्रजीतला साचा फार पूर्वी ठरून गेला. जॅक रेनल्ड्स यांची ‘अ वुमन ऑफ बँकॉक’ ही कादंबरी १९५६ सालची. एक इंग्रज तरुण नृत्यगृहातल्या स्त्रीच्या मोहात पडतो, ही तिची कथा. या वाटेने पुढे इतक्या कादंबऱ्या गेल्या की ‘बँकॉकची कादंबरी’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मद्यालयाची दिवेलागणच येते. या कथांत मोह असतो, फसवणूक असते. घर मात्र नसते. घर नसल्यामुळे वीजबिल नसते, सासूबाई नसतात, आणि स्त्रीलाही स्वत:चे म्हणून काही कामकाज उरत नाही.

याच्या उलट उदाहरण थाई भाषेतच आहे. ‘बोतान’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘थायलंडहून पत्रे’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. १९४५ मध्ये बँकॉकला आलेला एक चिनी तरुण आईला पत्रे लिहीत राहतो, आणि एकाही पत्राला उत्तर येत नाही. पत्रांत असते काय? दुकान, उधारी, लग्न, मुलांच्या शाळा, थाई माणसांबद्दलची कुरकुर. धाकटी मुलगी एका थाई तरुणाशी लग्न करते तेव्हा हा बाप दुखावतो, आणि कालांतराने त्याच जावयाच्या योग्यतेची त्याला जाणीव होते. या बदलाला कसलेही तत्त्वज्ञान कारणीभूत नाही. रोजच्या वागण्यातून तो घडतो. परक्या देशातल्या माणसाचे लेखन कसे असावे याचा हा मला वाटणारा वस्तुपाठ आहे.

आता मराठी माणसापुढची खास अडचण. थायलंडमध्ये पाऊल ठेवताच त्याला ओळखीच्या शब्दांची भुरळ पडते. भाषेला ‘फासा’ म्हणतात, तो आपला ‘भाषा’. जेवणाला ‘आहान’, तो ‘आहार’. परवानगीला ‘अनुयात’, तो ‘अनुज्ञात’. नवऱ्याला औपचारिक शब्द ‘सामी’, म्हणजे स्वामी. कायद्यात पत्नी ‘फरिया’, म्हणजे भार्या. विवाहनोंदणीसाठी आम्ही तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे ‘आम्फो’त गेलो तेव्हा मिळालेल्या वेलबुट्टीदार दाखल्यावरचा विवाहवाचक शब्द लिहिताना ‘समरस’ असा लिहिलेला होता; उच्चारताना तो ‘सोमरोत’ होतो. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाहालाही मान्यता मिळाली. तेव्हा कायद्यातले ‘सामी’ आणि ‘फरिया’ हे शब्द काढून दोघांसाठी ‘खू सोमरोत’, म्हणजे समरसांची जोडी, हा एकच शब्द घालण्यात आला. स्वामी आणि भार्या गेले, समरस राहिले. संस्कृताच्या अभ्यासकाला याहून रम्य उदाहरण कोठे मिळणार?

परंतु हा रम्यपणाच दिशाभूल करतो. ओळखीचे निघाले ते सारे शब्द कचेरीचे, ग्रंथांचे, देवळाचे. घरातले शब्द निराळे आहेत. घरात नवरा ‘फुआ’ आणि बायको ‘मिआ’ असते. कुटुंबाला ‘ख्रोप-ख्रुआ’ म्हणतात. त्यातल्या ‘ख्रुआ’चा अर्थ स्वयंपाकघर. माझी पत्नी मला ‘फी’ म्हणते, म्हणजे वयाने थोर. तिला घरात ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थ बेडूक, आणि ते नाव कोणत्याही सरकारी कागदावर नाही. थोडक्यात, मला जी भाषा आपोआप कळली ती आमच्या संसाराची नव्हती. संसाराची भाषा एकेक शब्द करून कमवावी लागली.

याची साक्ष स्वयंपाकघरात पहिल्याच महिन्यात मिळाली. मी शाकाहारी. शाकाहाराला थाई शब्द ‘मांगसविरात’, मांसविरती! तो ऐकून मी निश्चिंत झालो. पुढे आलेल्या भाजीत मांस नव्हतेच, पण माशाचा सॉस होता, कारण करणाऱ्या बाईंच्या दृष्टीने तो मिठासारखा, चवीपुरता. माझी संस्कृत मांसविरती तेथे निरुपयोगी ठरली. उपयोगी पडले ते चार एकाक्षरी शब्द : ‘माय साय नाम प्ला’, माशाचा सॉस घालू नका. शिवाय या भागात आंबवलेल्या माशांचा ‘प्ला रा’ हा जेवणाचा प्राण. सासूबाईंनी माझ्यासाठी निराळा उखळ-मुसळ घेतला, त्याला लाल दोरा बांधला, आणि पपईचे ‘सोम ताम’ माझ्यापुरते त्यात कुटू लागल्या. त्या लाल दोऱ्याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही. आदर, स्वीकार, तडजोड असे जे शब्द आपण निबंधांत वापरतो, ते सगळे त्या दोऱ्यात होते.

आता कागदांकडे वळू. थायलंडमध्ये प्रत्येक घराचे एक नोंदणीपुस्तक असते, ‘थबियन बान’. आपल्या शिधापत्रिकेत आणि सातबाऱ्यात जे वजन विभागले गेले आहे, त्यातले बरेचसे या एका पुस्तिकेत आहे. थाई नागरिकांची पुस्तिका निळी. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसाची पिवळी. एकाच घरातली आम्ही दोघे अशी दोन रंगांच्या पुस्तकांत राहतो. निळ्या पुस्तकात माझी पत्नी ‘चाओ बान’ आहे. या शब्दाचा अर्थ घरधनी, आणि यजमानही. मी कोण? युरोपीय माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात, भारतीयाला ‘खॅक’. आणि ‘खॅक’चा दुसरा, सर्वसामान्य अर्थ आहे पाहुणा. म्हणजे आमच्या घरात बायको यजमान आणि नवरा पाहुणा, हे भाषेनेच ठरवून टाकलेले. १९७९ च्या परदेशी-नागरिक-प्रवेश कायद्यानुसार, घरी परदेशी माणूस मुक्कामाला आला की घरधन्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यायची असते. पत्नीने माझ्याविषयी ती दिलेली आहे : सदर घरी एक परदेशी इसम राहतो. पहिल्यांदा मला हसू आले; वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा ते हसले नाहीत.

त्यांच्या न हसण्यामागे मराठीतला एक शब्द होता, ‘घरजावई’. आपल्याकडे या शब्दाला चिकटलेली कुचेष्टा वेगळी सांगायला नको. ईशान्य थायलंडची परंपरा मात्र मुळातच जावयाने सासरी येऊन राहण्याची; आईवडिलांचे घर बहुधा धाकट्या मुलीकडे जाते आणि त्यांच्या म्हातारपणाची जबाबदारीही तिच्याकडे. माझी पत्नी धाकटी. ज्या स्थितीची मराठीत टिंगल होते तीच येथे रीत आहे. वडील एकदा येऊन महिनाभर राहिले. सासूबाईंनी त्यांना रोज सकाळी स्वत: चहा करून दिला, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. परत जाताना ते मला एवढेच म्हणाले, ‘‘तुझ्या घरी बरं वाटलं.’’ ‘तुझ्या’ या एका शब्दासाठी मी काही वर्षे थांबलो होतो.

दरवर्षी माझ्या वास्तव्याची मुदत वाढवावी लागते. थाई पत्नीच्या आधारावर परदेशी नवऱ्याला ती हवी असेल तर बँकेत ४,००,००० बाट अर्जापूर्वी दोन महिने पडून असावे लागतात, अथवा दरमहा ४०,००० बाटांची मिळकत दाखवावी लागते. त्याखेरीज दोघांची घरातली छायाचित्रे लागतात : दाराशी, घराचा क्रमांक दिसेल असे एक, बैठकीतले एक, आणि घराकडे जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा. एका वर्षी अधिकारी बाईंनी छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, ‘‘मागच्या कपाटावरची औषधे कोणाची?’’ पत्नी म्हणाली, ‘‘आईची.’’ बाईंनी शिक्का मारला. मला तेव्हा वाटले, की या बाई आपल्या बहुतेक समीक्षकांपेक्षा कसलेल्या वाचक आहेत. प्रेम खरे आहे काय, हे त्यांनी विचारले नाही; कपाटावर काय आहे ते विचारले. वास्तववादी कादंबरीकाराला जी दृष्टी कष्टाने मिळवावी लागते ती त्यांना रोजच्या कामाने मिळालेली होती.

येथे थायलंडला दोष देण्याचा हेतू नाही. आम्ही पुण्यात राहिलो असतो तर नोंदणी-कचेरीच्या बाकावर पत्नी बसली असती, आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डासाठी नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे पुरी होईतो थांबली असती. पाहुणा कोणी व्हायचे एवढाच प्रश्न असतो. राज्यसंस्था सर्वत्र यजमानच असते.

सर्वांत अवघड विषय जमिनीचा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही. थाई पत्नीने जमीन घेतली तर नवऱ्याने तिच्यासोबत लेखी जबानी द्यायची, की यातला पैसा तिचा स्वत:चा आहे, माझा त्यावर हक्क नाही. आमच्या घराखालची जमीन घेताना मी तशी सही केली. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी असावा लागतो, हे ठाऊक असलेल्याला यात फारसे नवल वाटू नये. पण जबानीचा अर्थ मला उशिरा कळला. पत्नी आधी गेली तर जमीन वारशाने माझ्याकडे येऊनही ती मला व्यवहारात ठेवता येणार नाही; ठराविक मुदतीत विकावी लागेल. आणि विवाहाच्या आधारावरची माझी मुदतवाढ विवाहाबरोबरच संपेल. वारशाला थाई शब्द आहे ‘मोरदोक’. संस्कृत ‘मृतक’.

गेल्या वर्षी पत्नीची एक शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘फी, जमिनीच्या कचेरीत जाऊ या. ‘सिट्थी केप किन’ लिहून देते. मी आधी गेले तर तुम्ही कुठे राहणार?’’ दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर हयातभर राहण्याच्या आणि तिचे उत्पन्न घेण्याच्या हक्काचे हे कायदेशीर नाव. ‘सिट्थी’ म्हणजे हक्क, मूळ आपला ‘सिद्धी’; ‘केप किन’ हे दोन अस्सल थाई शब्द : वेचणे आणि खाणे. वेचून खाण्याची सिद्धी. बारा वर्षांत पहिल्यांदाच कचेरीची भाषा आणि घरची भाषा मला एका शब्दात शेजारी शेजारी दिसल्या. या हक्काची नोंद पत्नीच्या मृत्यूनंतरही टिकू शकते. मात्र पती-पत्नींनी विवाहकाळात मालमत्तेबाबत केलेला करार दोघांपैकी कोणालाही मोडता येतो, असेही थाई कायदा सांगतो. म्हणजे या कागदाखाली शेवटी पुन्हा विश्वासच आहे. ‘माझे तुमच्यावर प्रेम आहे’ हे वाक्य ती सहसा उच्चारत नाही. ‘तुम्ही कुठे राहणार’ या प्रश्नानंतर मला त्याची उणीव वाटलेली नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : साहित्य म्हणजे माहितीपुस्तिका नव्हे, अर्जांची यादी दिली म्हणून अनुभव प्रकट होत नाही. मान्य. यादी म्हणजे साहित्य नव्हे. पण यादी टाळल्यानेही साहित्य होत नाही. कोणत्या कागदावर सही करताना हात थबकला, हे सांगायचे तर तो कागद लेखकाला ठाऊक हवा. आपले परदेशविषयक लेखन हा थबकलेला हात दाखवण्याऐवजी ‘ओळखीचा प्रश्न’ आणि ‘अस्मितेचे द्वंद्व’ असे भारदस्त शब्द ठेवते. ते माझ्या मांसविरतीसारखे आहेत : कानाला ओळखीचे, ताटात निरुपयोगी. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यापुढे परदेशस्थांचे लेखन वाचताना एक साधी कसोटी लावून पाहावी : या घरात औषधे कोठे ठेवलेली आहेत, हे लेखकाने आपल्याला सांगितले आहे काय?

जमिनीच्या कचेरीतून परतताना मी पत्नीला म्हणालो, की आज फार मोठी गोष्ट केलीस. ती म्हणाली, ‘‘थम्मदा.’’ म्हणजे नेहमीचेच, साधेच, त्यात काय विशेष. थाई लिपीत तो शब्द ‘धर्मता’ असा लिहितात. आपण ज्या शब्दात धर्म पाहतो, त्यात त्या भाषेने रोजचे साधे जगणे पाहिले आहे. मग तिने वाटेत बाजाराशी गाडी थांबवायला सांगितली. सासूबाईंसाठी चिकट भात घ्यायचा राहिला होता.