संगणकाच्या पदवीचा उत्पादन खर्च



बारावीचे निकाल लागले की गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो. पोराला कॉम्प्युटरला घालावे काय, आणि त्यासाठी एखादा एकर काढावा काय? 'शिक्षणात घातलेला पैसा वाया जात नाही' असे सांगणारे बहुतेक पगारदार तरी असतात, नाहीतर संस्थाचालकांच्या पंगतीतले. ज्या हिशेबाने आम्ही कापसाच्या भावाचा जाब सरकारला विचारला, तोच हिशेब कॉलेजच्या दारात मांडायला लाजायचे कशाला?

खाजगी कॉलेजची फी वर्षाला सव्वा लाख धरू. खोली, खाणावळ, जाणेयेणे पाऊण लाख. चार वर्षांचे आठ लाख झाले. लॅपटॉप पन्नास हजार. पदवी हाती पडली म्हणून नोकरी दारात उभी राहत नाही. पुण्यात खोली करून कुठल्यातरी क्लासात वर्ष-आठ महिने काढावे लागतात, त्याचे दीड लाख. एकूण दहा लाख. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये ठरला. त्या भावाने ही पदवी 123 क्विंटल कापसाला पडते. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला, तर पाच एकरवाल्याचा पाच वर्षांचा सगळा कापूस. बियाणे, फवारणी, वेचणी यांचा एक पैसा वजा न करता. हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडतो, ते वेगळेच. पोराने चार वर्षे शेतात काम केले असते तेही यात धरलेले नाही. घरच्या माणसाची मजुरी फुकट धरायची खोड इथेही सुटत नाही.

आता पदरात काय पडते ते पाहू. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याचा पगार गेली दहा-बारा वर्षे सालिना साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. हातात येतात महिना पंचवीस हजार. दर वर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज 11 टक्क्यांनी काढले, तर शिक्षणाची चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष यांच्या व्याजासह ते सव्वाआठ लाखांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेअकरा हजारांचा हप्ता. पुण्यातली खोली आणि मेस वजा केली की गावाकडे पाठवायला काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे. पुढे पगार वाढतो हे खरे, पण तो नोकरी टिकली तर. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12 हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. साधे प्रोग्राम लिहायचे काम आता यंत्रच करू लागले आहे.

एक गोष्ट आमच्यासारख्यांना कोणी शिकवायला नको. 2022 मध्ये कापूस दहा हजारांवर गेला, ते पाहून पुढच्या हंगामात भरमसाट लोकांनी घरात साठवून ठेवला, आणि भाव आठ हजारांखाली आला. कॉम्प्युटरच्या जागांचे तसेच चालले आहे. 2024 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरवलेल्या कॉलेजांवरची एका शाखेच्या जागांची मर्यादा उठवली. सिव्हिल-मेकॅनिकलची बाके उचलून तिथे संगणकाची मांडणे सुरू झाले. सगळा गाव एकच पीक पेरायला निघाला की काय होते, ते बाजार समितीत उभे राहिलेल्याला विचारा.

कॉम्प्युटरवर मात्र आमचा राग नाही. 1991 पासून सरकारने सॉफ्टवेअर पार्क उभारले, निर्यातीच्या उत्पन्नावर 2011 पर्यंत आयकराची सूट दिली, आणि त्या मालावर कधी निर्यातबंदी घातली नाही. आमचा कापूस 1972 पासून जवळपास तीस वर्षे एकाधिकार खरेदीत अडकवला. मार्च 2012 मध्ये त्याची निर्यात अडवली, ऑगस्ट 2025 मध्ये परक्या कापसावरचे आयातशुल्क काढून टाकले. ज्याला मोकळे सोडले तो वाढला. आपली पोरे तिकडे धावतात यात नवल कसले?

आमचे मत स्पष्ट आहे. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेसाठी जमीन विकू नये, सावकाराकडे तर जाऊच नये. त्या जागेला शिष्यवृत्तीही लागू होत नाही. सीईटी देऊन केंद्रीभूत प्रवेश फेरीतून चांगले कॉलेज मिळत असेल, तर हिशेब पार बदलतो. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क सरकार पूर्ण भरते. घरात मुलगा-मुलगी दोघे असतील आणि पैसा एकालाच पुरणार असेल, तर मुलीला आधी पाठवा; तिचा खर्च निम्म्यावर येतो. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते, ती वाट तर आपल्याकडे फार थोडे धरतात. तिच्यात पोराला गणित झेपते की नाही, हे लाखो रुपये अडकण्याआधी कळते.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि जात वैधता यांच्यासाठी जूनमध्ये रांगा लागतात आणि एका कागदापायी शुल्कमाफी हुकते. ज्यांची पोरे यंदा बारावीला आहेत, त्यांनी वेचणी संपली की जात वैधतेचा अर्ज लगेच टाकावा. जिल्ह्याच्या बैठकीला येताना ज्यांनी पोरांना शिकवले आहे त्यांनी आपापला खर्च कागदावर मांडून आणावा, फी आणि मिळालेला पगार दोन्ही.