हिऱ्यातला ऐब

जवाहिराच्या दुकानात हिरा भिंगाखाली धरला की आधी ऐब शोधला जातो. डाग नाही, रेघ नाही, पिवळी झाक नाही, तर किंमत जास्त. प्रयोगशाळेत मात्र याच्या उलट चालते. तिथे हिऱ्यात मुद्दाम ऐब घालतात आणि त्याच्याच जोरावर मोजमापाचे साधन बनवतात. या महिन्यात वाचकांना त्याचीच ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

हिरा म्हणजे ओळीने बसलेले कार्बनचे अणू. त्यांतल्या एकाच्या जागी नायट्रोजनचा अणू बसला आणि लगतची जागा रिकामी राहिली, तर त्या जोडीला ‘एनव्ही केंद्र’ म्हणतात. ते घडवण्यासाठी हिऱ्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून काही अणू जागेवरून उडवतात. मग हिरा सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. रिकाम्या जागा सरकत सरकत नायट्रोजनच्या शेजारी येऊन थांबतात.

इथल्या इलेक्ट्रॉनांना ‘स्पिन’ असतो, म्हणजे ते अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखे वागतात. हिरवा लेसर टाकला की केंद्र लाल चमकते. सेकंदाला सुमारे २८७ कोटी कंपनांच्या मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की ती चमक मंदावते. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी साधारण २४५ कोटी कंपनांच्या असतात, म्हणजे लहरी ओळखीच्याच आहेत. जवळ चुंबक आणला की चमक एकाऐवजी दोन आकड्यांवर मंदावते. त्या दोन आकड्यांतले अंतर मोजले की चुंबकाची ताकद कळते.

अशा एकट्या केंद्राचा स्पिन १९९७ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी वाचला. २००८ मध्ये अमेरिकेतले हार्वर्ड आणि जर्मनीतले स्टुटगार्ट इथल्या गटांनी त्यावरून चुंबकीय क्षेत्र मोजून दाखवले. पुढे, २०१३ मध्ये, हिऱ्याचे कण जिवंत पेशीत सोडून तिचे तापमान मोजले गेले. २०१६ मध्ये तर एका समुद्री किड्याच्या एकाच मज्जापेशीतला संकेत हिऱ्याने टिपला, तोही किड्याला इजा न करता.

याचे मोल कशात आहे? मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पट क्षीण असते. ते मोजणारी जुनी यंत्रे द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावी लागतात. हिऱ्यातला स्पिन मात्र खोलीच्या साध्या तापमानातही टिकतो. म्हणून उद्या साधन लहान आणि स्वस्त होईल, ही आशा आहे. मेंदूच्या रोजच्या तपासणीइतकी सूक्ष्मता त्याला अजून गाठायची आहे. आज डॉक्टरांनी सांगितलेला ईईजी किंवा एमआरआय या आशेवर कोणी लांबवू नये.

हे काम आपल्या दारातही चालू आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट अशाच हिऱ्यांवर सूक्ष्मदर्शक तयार करत आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले संवेदनाचे केंद्र याच संस्थेकडे आहे.

दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. ‘क्वांटम’ हा शब्द छापून सांधेदुखीची लॉकेट आणि कडी विकली जातात. वर सांगितलेल्या हिऱ्याला लेसर, मायक्रोवेव्ह आणि मोजणारा माणूस लागतो. नुसता गळ्यात घालून तो काही मोजत नाही, बरे तर मुळीच करत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे पैसे अशा मालावर जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट मुलामुलींची. बारावीनंतर डॉक्टर-इंजिनिअरची जागा हुकली की घरात मातम होतो आणि मुलीचे शिक्षण तर तिथेच थांबवले जाते. बी.एस्सी., मग एम.एस्सी. भौतिकशास्त्र हाही या प्रयोगशाळांकडे जाणारा रस्ता आहे. तो लांब आहे आणि कमाई उशिरा सुरू होते, हे आम्ही लपवत नाही. पण लेक त्या वाटेने जायचे म्हणत असेल, तर अम्मी-अब्बांनी निदान तिचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि निकालाच्या एका आकड्यावर तिची किंमत ठरवू नये.