अप्पांच्या गाडीचा भाव

नव्या वस्तूला किंमत असते आणि जुन्या वस्तूला भाव असतो. किंमत कारखानदार छापतो. ती पटली तर घ्यावी, नाही तर दुकानाची पायरी उतरावी. भाव मात्र दोन माणसांनी मिळून ठरवायचा असतो. त्यांतला एक आपला बाप असेल आणि दुसरा बापाचा तीस वर्षांचा स्नेही, तर याहून नाजूक व्यवहार संसारात दुसरा नसावा. या सदरात डाळीच्या भावापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत पुष्कळ गोष्टी आपण तपासल्या. आज जुन्या मोटारीची पाळी आहे.

माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे अप्पा म्हणतात, २०२५ साली ७१ वर्षांचे होते. मुक्काम सांगली, विश्रामबाग. त्यांची छोटी गाडी २०११ सालची. तिची पंधरा वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपायची होती. आईचे गुडघे मात्र त्याआधीच संपले होते. त्या बुटक्या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरायचे, आणि बाहेर यायचे म्हणजे कोणीतरी वरून हात द्यायचा. तेव्हा उंच बांध्याची गाडी हवी, असे ठरले. अशा गाडीला हल्ली लहानथोर सगळेच एसयूव्ही म्हणतात. नाव मोठे आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने तिचा गुण एकच: बैठक कमरेच्या उंचीला येते. वाकायचे नाही, चढायचेही नाही. नुसते टेकायचे आणि पाय आत घ्यायचे.

“चढायचेही नाही” हे मुद्दाम लिहिते. या जातीतल्या मोठ्या गाड्यांना पायरी लागते, आणि पायरी आली की गुडघा आला. म्हणून गाडी आईवडिलांसाठी असेल तर इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी दार उघडावे आणि आईला पाच वेळा बसवून पाच वेळा उतरवावे. तिसऱ्या खेपेला ती दाराची कड धरू लागली, तर पुढचे काही पाहू नये.

आमच्याकडे पहिल्यांदा सांगून आली ती एका दलालाची सात आसनांची डिझेल गाडी, दिल्लीहून आणलेली, आणि भावात इतकी नरम की अप्पा दोन दिवस हरखून गेले. दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त का येतात, याला कारण आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानीच्या प्रदेशात बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरला, आणि तेव्हापासून तिकडच्या वयात आलेल्या गाड्या इकडे सासर शोधत येऊ लागल्या. इकडे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरून नवी नोंदणी करावी लागते, हे दलाल शेवटी सांगतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी एक गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगात पळवावी लागते. अप्पांचा प्रवास घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंत. त्या गाळणीचे आणि अप्पांचे जमले नसते.

मग निघाली सरांची गाडी. सर म्हणजे आमच्याच गल्लीतले निवृत्त प्राध्यापक, अप्पांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. ते मुलाकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते. गाडी सप्टेंबर २०२० ची, पेट्रोलवर चालणारी, चार मीटरच्या आत लांबीची, इंजिन १२०० सीसीच्या आत. धाव ३८,००० किलोमीटर. आईची परीक्षा ती पहिल्याच दिवशी उत्तीर्ण झाली. सरांनी भाव सांगितला ७ लाख २५ हजार, आणि अप्पा म्हणाले, “सर काय मला फसवणार आहेत?”

सर फसवणारे नव्हतेच. पण न फसवणारा माणूससुद्धा चुकीचा भाव सांगू शकतो, हे अप्पांना पटवायचे कसे? मी पुण्यात हिशेब तपासण्याची नोकरी करते. तेव्हा दसऱ्यानंतरच्या शनिवारी वही घेऊन सांगलीला गेले आणि जे काही विचारायचे ते सरांच्या समोर, अप्पांच्या देखत विचारायचे, असे ठरवले.

आधी गाडी. सांगलीकडच्या माणसाने कोणतीही जुनी गाडी पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की जुलै २०२१ मध्ये ही कुठे उभी होती? गाडी त्याहून जुनी असेल, तर ऑगस्ट २०१९ चेही विचारावे. महापुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून उभी केली की नवरदेवासारखी दिसते. विजेच्या तारा आतून कुजत राहतात. यावर सोपा उपाय असा की आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पट्टा सगळे धुतात, गुंडाळलेला शेवटचा हात कोणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. पायांखालचे जाजम उचलावे आणि चक्क वास घ्यावा. सर म्हणाले, “पाऊस वाढला तशी मी गाडी विट्याला भावाकडे नेऊन ठेवली होती.” पट्ट्यानेही तीच साक्ष दिली.

दुसरा साक्षीदार विम्याचा कागद. एकही दावा न केल्याबद्दल विमा कंपन्या दर वर्षी जी सूट वाढवत नेतात, ती पहिल्या वर्षाअखेर २० टक्के असते आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांवर पोचते. सरांच्या नूतनीकरणाच्या कागदावर ५० होते. म्हणजे पाच वर्षांत मोठ्या अपघाताचा दावा नाही. पदरच्या पैशाने कोणी दुरुस्ती केली असेल तर ती या कागदाला कळत नाही. म्हणून आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडी उचलून खालून पाहिली, आणि कंपनीच्या कार्यशाळेतून सर्व्हिसिंगची सगळी नोंदही काढून आणली.

तिसरा साक्षीदार टायर. टायरच्या कडेला ठशात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायरांवर २२२० होते, म्हणजे २०२० सालचा बाविसावा आठवडा, मे महिन्याची अखेर. टायर मूळचे होते आणि त्यांची झीज ३८,००० किलोमीटरला शोभेशी होती. मीटर खरा ठरला. मात्र ज्या टायरांनी सरांच्या बाजूने साक्ष दिली, तेच पाच वर्षांचे झाल्यामुळे बदलायला आले होते. मिस्त्रीने चार टायरांचे २६ हजार आणि बॅटरीचे ६ हजार सांगितले. एकूण ३२ हजार.

आता भाव. सरांचा हिशेब साधा होता. “ऑगस्टमध्ये एक गिऱ्हाईक ७ लाख रोख द्यायला तयार होते. तेव्हा मी द्यायला तयार नव्हतो. तुम्ही घरचे, २५ हजारांचे मागेपुढे करू.”

सगळी मेख त्या ऑगस्टमध्ये होती. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमके घटस्थापनेच्या दिवशी, मोटारींवरच्या वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. सरांच्या गाडीच्या जातीला, म्हणजे चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला, आधी उपकर धरून २९ टक्के कर होता. तो १८ झाला. त्रैराशिक मांडा: १२९ रुपयांची गाडी ११८ ला. लाखामागे सुमारे साडेआठ हजार उतरले. तशाच सोयींची नवी गाडी ऑगस्टात दुकानात १० लाख ६ हजारांना होती, ती ९ लाख २० हजारांवर आली.

जुन्या गाडीचा भाव हा नव्या गाडीच्या सावलीसारखा असतो; माणूस वाकला की सावली वाकते. सरांनी पाच वर्षांपूर्वी काय मोजले, याला बाजारात अर्थ नाही. आज तशीच नवी कितीला मिळते, याला आहे. ऑगस्टचे ७ लाख साडेआठ टक्क्यांनी उतरवले की ६ लाख ४० हजारांच्या आसपास येतात. त्यातून टायर आणि बॅटरी वजा केली, की ६ लाख ८ हजार. बाजार काही असा काटेकोर त्रैराशिकाने चालत नाही, पण बोलणे कुठून सुरू करायचे ते कळते. उलट बाजूला सरांच्या हक्काचेही काही होते. मालक एकच, नोंदी पूर्ण, कर्ज नाही. शिवाय हीच गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असती तर त्याचा नफा आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या नफ्यावर पडणारा १८ टक्के कर आमच्याच खिशातून गेला असता.

मी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, आकडे दोनदा पाहिले. मग अप्पांकडे वळून म्हणाले, “दर उतरल्याचे मी वाचले होते हो. माझ्या गाडीला लागू होतील असे वाटले नाही.” अप्पा खालमानेने चहा ढवळत होते, साखर केव्हाच विरघळली होती. अखेर ६ लाख २५ हजारांवर दोघांनी हात मिळवले. फरक एक लाखाचा. अप्पांची ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली ठेव नुकतीच पुरी झाली होती आणि तिथे ८.२ टक्के व्याज होते. म्हणजे एक लाखाचे वर्षाला ८,२०० रुपये. घरातल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे बरेच महिने त्यात निघतात.

इथे हिशेब संपला असे वाचकांना वाटेल. मलाही पान उलटण्याचा मोह होता. पण गाडीचा भाव रास्त असला म्हणजे ती घेणे रास्त असते, असे नाही. म्हणून दुसरे पान अप्पांपुढे रात्री, एकट्यालाच ठेवले.

अप्पा वर्षाला फार तर ४,००० किलोमीटर फिरतात. वाहन चालवण्याचा परवाना पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांचाच मिळतो. त्यांचा २०२९ पर्यंत आहे. तोवरची चार वर्षे धरली आणि शेवटी गाडी साडेतीन लाखांना गेली असे मानले, तर घट वर्षाला ६८,७५० रुपये. गुंतलेल्या रकमेचे बुडालेले व्याज ५१,२५०. विमा आणि देखभाल २५ हजार, पेट्रोल ३० हजार. बेरीज पावणेदोन लाख. तेवढेच किलोमीटर पंधरा रुपये दराने भाड्याच्या गाडीने हिंडले, तर ६० हजार. स्वतःच्या गाडीची हौस वर्षाला १ लाख १५ हजारांना पडते.

अप्पांनी बेरीज बोटाने तपासली. बरोबर आहे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “भाड्याच्या गाडीत मी गिऱ्हाईक असतो गं. तुझ्या आईला औदुंबरला जाताना वाटेत दोनदा थांबायचे असते. तिसऱ्यांदा थांब म्हणायला मला लाज वाटते. माझ्या गाडीत नाही वाटत.”

यावर माझ्या वहीत रकाना नव्हता. मी एवढेच विचारले, की आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लागतो का. लागत नव्हता. पेन्शनीत वरचा खर्च बसत होता. मग तो लाख-सव्वालाखाचा प्रश्न माझा उरलाच नाही. गाडीला भाव किती, हे मुलांनी तपासावे. मिस्त्री आणावा, कागद वाचावेत, त्रैराशिक मांडावे. त्या भावाला गाडी आपल्याला हवी का, हे आईवडिलांनी ठरवावे. पैसे त्यांचे, उरलेले किलोमीटरही त्यांचे. आपण पुष्कळदा उलटे करतो: “या वयात गाडी कशाला?” असे दटावतो, आणि मग मन मोडायला नको म्हणून कोणत्याही भावाला होकार देतो.

राहता राहिले कागद. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. गाडीवर कर्ज असले तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५. थकलेली चलने विकणाऱ्याने भरायची, त्याचा फास्टॅग त्याने बंद करायचा. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायचा. ती ५० टक्के सूट मात्र गाडीबरोबर येत नाही, मालकाबरोबर जाते. म्हणून अप्पांनी आपली छोटी गाडी विकताना स्वतःच्या सुटीचे पत्र विमा कंपनीकडून मागून घेतले आणि ते या गाडीला लावले. आणि विकणाऱ्यानेही सबुरी बाळगू नये. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगून ठेवले आहे. सरांना हे सांगितले तेव्हा ते बंगळुरूचे तिकीट चार दिवस पुढे ढकलून अप्पांबरोबर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गेले.

कामाला दोन फेऱ्या पडल्या. दोन्ही वेळा अप्पाच गाडी चालवत होते आणि सर शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगत होते. व्यवहार उघड्यावर झाला की स्नेह उरतो तो असा.