मोबाइल अंश मोजील, पोटरी कोण चाचपणार?

नामपल्लीपासून सुलतान बाजार, काचीगुडा, शहाअलीबंड्यापर्यंतच्या आपल्या जुन्या मराठी घरांतून हल्ली एक चित्र सर्रास दिसते. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत आणि घरात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी. फिजिओथेरपिस्टला रोज घरी बोलावणे परवडत नाही, जिना उतरून ऑटोत बसणे जमत नाही. अशा वेळी ‘मोबाइल समोर ठेवा, तोच व्यायाम शिकवील’ असे कोणी सांगितले की मोह होणारच.

आम्ही या यंत्राचे वैरी नाही. कॅमेऱ्यातून ते खुबा, गुडघा, घोटा ओळखते, गुडघा किती अंश वाकला ते सांगते आणि न कंटाळता आकडे मोजते. (नऊवारीतला गुडघा त्याला कितपत दिसतो, हा प्रश्न वेगळा!) इंग्लंडात तर 2024 साली फ्लॉक हेल्थ या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या फिजिओथेरपी सेवेला तेथील सरकारी नियामकाने मान्यता दिली. मात्र शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा व्यायाम थांबवून तातडीने डॉक्टर गाठायचा असतो. जाणता फिजिओथेरपिस्ट पायाला हात लावताच सावध होतो. आपल्या आजी मात्र ‘दुखायचंच थोडं’ म्हणतात, आणि यंत्र पुढचा आकडा मोजते.

हा व्यवसाय बुडेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या देशात तो रुजला तो बऱ्याच अंशी पोलिओच्या मुलांसाठी. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी फिजिओथेरपिस्टचे काम सरले नाही. अर्धांगवायू, सांधेबदल, कंबरदुखी यांनी ते वाढवलेच. भीती वेगळीच आहे. खर्च वाचवण्यासाठी एका पदवीधराला दहा पडद्यांमागे बसवतील, आणि पैसेवाल्याला माणसाचा हात, गरिबाला मोबाइल अशी वाटणी होईल. आपल्यातली कितीतरी मुले-मुली आज हा अभ्यासक्रम शिकत आहेत, त्यांच्या पोटाचाही हा प्रश्न आहे.

2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टच्या नोंदणीची चौकट घातली. मग अॅपच्या सल्ल्यामागे कोणता नोंदणीकृत माणूस जबाबदार आहे, त्याचे नाव रुग्णाला का दिसू नये? शहरात 2018 पासून बस्ती दवाखाने निघाले. तेथे आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, त्याने हाताने तपासावे आणि मधल्या दिवसांचा व्यायाम खुशाल मोबाइलवर व्हावा. मोबाइलने तेलुगू, उर्दूबरोबर मराठीतही बोलावे, ही आमची जोडमागणी.

मते मागायला येणारे सगळ्याच पक्षांचे लोक आपल्या दारी वाकून नमस्कार करतात. त्यांना चहा जरूर द्यावा, आणि या दोन मागण्यांवर त्यांचे म्हणणे लेखी मागावे.